पात्यावरची खळगी

मशिदीच्या भोंग्यावरून उस्मानचं नाव ऐकलं तेव्हा मी पडवीत बसून पटाशीला धार लावत होतो. अवेळी भोंगा वाजला की आमच्या गावात सगळेच हात थांबतात, माणूस कुठल्याही आळीचा असो. नाव ऐकलं, बापाचं नाव ऐकलं, दफन असरच्या नमाजनंतर हेही ऐकलं... आणि खोटं कशाला सांगू, पहिला विचार दुःखाचा आला नाही. पहिला विचार आला तो असा, की लेकानं इथंही नंबर लावला! मुंबईला माझ्याआधी गेला. आखातात तो गेला, मी गेलोच नाही. गावात पहिला रंगीत टीव्ही त्याचा, पहिलं स्लॅबचं घर त्याचं, आणि आता हेही माझ्याआधी. बायको आतून पदर सावरत आली. "अहो, उस्मानभावजी..." एवढंच बोलली आणि खांबाला धरून उभी राहिली. मी पटाशी दगडावर फिरवतच राहिलो. धार कधीच लागली होती.

मी नारायण, जातीनं आणि धंद्यानं सुतार. शाळा चौथीपर्यंत. म्हसळ्यापासून खाली खाडीवर आमचं गाव आहे. पेपरच्या पुरवणीवाले म्हणाले, नारायणकाका, तुमच्या दोस्तावर लिहा. मी म्हटलं, लिहीन, पण आरती ओवाळणार नाही. जसा होता तसा लिहीन, शुद्धलेखन तुमचं तुम्ही बघा. त्याच्या जनाजाला मीही खांदा दिला. पाऊस होता, छत्र्यांची नुसती दाटी होती, आणि त्या दाटीत कोळीवाड्यातले होडीवाले नाखवे मी एकेक करून मोजले. त्यातले निम्मे माझे गिऱ्हाईक. होते, असं म्हणायला पाहिजे. पावसाळ्यात होड्या वर घेतलेल्या असतात, माणूस रिकामा असतो, म्हणून आले असतील एवढे, अशी मी मनाची समजूत काढली. मी भर मासेमारीच्या दिवसांत गेलो तर किती येतील, हाही विचार त्या कबरस्तानाच्या चढावर केला. माती टाकून परत येताना पाय चिखलात रुतत होते, आणि माझा चपलेचा अंगठा तुटला. तो असता तर हसला असता. दुसऱ्याची फजिती त्याला फार आवडायची, आणि स्वतःची त्याहून जास्त.

आमचा धंदा काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. होडीला पाण्याखाली जो पंखा असतो तो पितळेचा. तो ओतायचा तर आधी तसाच हुबेहूब लाकडाचा नमुना लागतो, त्याला आम्ही पॅटर्न म्हणतो. माणगावचा ओतारी तो पॅटर्न वाळूत दाबतो, अलगद काढून घेतो, आणि वाळूत जी पोकळी उरते तिच्यात पितळ ओततो. पितळ थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा करायचा असतो. त्यासाठी आमच्याकडे वेगळी पट्टी असते, तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा. आम्ही तिला वाढीची पट्टी म्हणतो. नवख्यानं त्या पट्टीनं घराचं दार मोजलं तर ते चौकटीत बसायचं नाही. ही विद्या आम्ही दोघं पोरवयात मुंबईला माझगावात एका उस्तादाकडे शिकलो. दोघांचं गाव एक, खोली एक, ताटसुद्धा कधीकधी एकच. हात मात्र वेगळे. मी एक पॅटर्न घेतला की पंधरा दिवस कोणाशी बोलायचो नाही, पण झाला की झाला. उस्मान लाकूड वाया घालवायचा, उस्तादाचा मार खायचा, हसायचा, दुसरा ठोकळा घ्यायचा. उस्ताद म्हणायचे, "नारायण एकदाच करतो. उस्मान करत राहतो." मी इतकी वर्षं ते माझं कौतुक समजत आलो.

पुढं तो आखातात गेला आणि मी गावी आलो. या बाजूच्या खाडीत माझ्या पंख्याला तोड नव्हती, हे मी सांगत नाही, कोळी सांगतात. श्रीवर्धनच्या पलीकडून माणसं यायची. "मिस्त्रीकाका, पंखा तुमचाच पायजे, तुमचा पंखा गप चालतो." गप म्हणजे होडी थरथरत नाही, मासळी बुजत नाही. हे ऐकलं की मला दिवाळी. आणि मग एक दिवस उस्मान कायमचा परत आला, केस पांढरे, पोट सुटलेलं, आणि टेम्पोत एक खोकं. तिकडच्या कुठल्या कारखान्यात म्हातारपणी तो कॉम्प्युटरवर आकार काढायला आणि छापायला शिकला होता. कागदावर नव्हे, खरी वस्तू छापायला. खोक्यातून मशीन निघालं. प्लास्टिकच्या तारेचं रीळ, ती तार वितळवणारी एक तोटी, आणि ती तोटी पुढंमागं फिरत एकावर एक घावनं रचावीत तसे बारीक थर रचत जाते. सगळं गाव बघायला गेलं. मी नाही गेलो. बायको गेली आणि रात्री जेवताना मला सांगत बसली, तिकडे कसं काय काय होतं ते. मी म्हटलं, भात वाढ.

त्याच आठवड्यात आमच्या मिक्सरचं बटण तुटलं. मी तिला शिसवी लाकडाचं करून दिलं, वर बारीक कमळ कोरलं. दिसायला असं की हातातून सोडवत नाही. पण ते फिरवताना घसरायचं. उस्माननं मोडकं बटण नेलं, एक छापून आणलं, बसलं नाही. दुसरं आणलं, तेही घट्ट झालं. तिसरं बसलं. "भावजींचं बसलं हो," बायको म्हणाली. मी म्हटलं, "तिसऱ्या खेपेला बसलं." ती म्हणाली, "मग? तुमचं पहिल्या खेपेलाच घसरलं." माझं कमळाचं बटण तिनं देवघरात ठेवलं. मानानं ठेवलं, पण मिक्सर उस्मानच्याच बटणानं फिरतो, आजसुद्धा.

शेवटी एकदा गेलोच बघायला. त्याच्या त्या खोलीत मशीन किरकिर करत होतं आणि तो डोळ्यांवर चष्मा चढवून कॉम्प्युटरसमोर बसला होता. म्हणाला, "छापणं सोपं रे नारायणा. खरी मारामारी आधी." कॉम्प्युटरमधला आकार म्हणजे नुसती साल, आत काहीच नाही. ती साल कुठं उसवलेली राहिली तर मशीनला आत कुठं आणि बाहेर कुठं कळत नाही, ते भलतंच काहीतरी छापतं. म्हणून ती भोकं शोधून बुजवायची. मग वस्तू आडवी छापायची की उभी ते ठरवायचं, लोंबत्या भागाला टेकू द्यायचे, थर किती जाडीचे ते सांगायचं. तो तासन् तास भोकं बुजवत बसायचा. मी म्हटलं, "हे तर होडीच्या फटीत कापूस ठासणंच झालं की." तो उडालाच. "वाह! बरोब्बर बोललास!" आणि दुसऱ्या दिवसापासून तेच वाक्य येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःचं म्हणून ऐकवायला लागला. माझ्या तोंडावरसुद्धा.

मला सगळ्यात खटकायचं ते त्याचं "करून बघू". आमच्याकडे वीज जाते, अर्धं पातं छापून झालं की वीज गेलीच म्हणून समजा. तुटकं पातं हातात घेऊन तो हसायचा, "बघू परत." आकार चुकला, "बघू परत." सकाळी छापलं, दुपारी फेकलं, संध्याकाळी दुसरं. चुकीची अशी हौस मी कोणात बघितली नाही. आणि प्रत्येक चुकलेली वस्तू घेऊन तो माझ्याच पडवीत यायचा. "बघ नारायणा, काय चुकलं?" मी नुसता अंगठा फिरवायचो. इथं फुगलंय. इथं उतार कमी पडलाय, वाळूतून सुटताना ओढून घेईल. ते थर राहिलेत, रंगाऱ्याची लांबी भर, पॉलिश पेपर मार, नाहीतर वाळू धरून ठेवील. तो मान डोलवत ऐकायचा, ती वस्तू माझ्याच खिडकीत ठेवून निघून जायचा आणि दुसऱ्या दिवशी नवी आणायचा. माझी खिडकी त्याच्या चुकांनी भरून गेली. नवीन पंख्याचा पॅटर्न माणगावला जायचा असला की ओतारी विचारायचा, नारायण मिस्त्रीनं बघितलाय का? म्हणजे शेवटचं "जाऊ दे" माझंच होतं. एवढ्यावर मी गप्प होतो. एवढं मला पुरलं असतं.

पण एकदा त्यानं माझाच पंखा चोरला. चोरलाच म्हणायचं. माणगावला ओताऱ्याकडे माझा जुना पॅटर्न पडून होता, त्याचे यानं मोबाईलवर चहूबाजूंनी फोटो काढले, कॉम्प्युटरनं त्या फोटोंमधून आकार बांधला, आणि माझा पंखा त्याच्या मशीनमधून बाहेर. मला न सांगता! पोराचं लग्न लावून द्यावं आणि बापाला आमंत्रण नसावं, तसं झालं. देव मात्र वर होता. पंखा ओतून झाला, एका होडीला लागला, आणि इंजिन जड ओढायला लागलं, काळा धूर सोडायला लागलं. पंखा परत आला तेव्हा मी पट्टी लावली आणि इतक्या वर्षांत हसलो नव्हतो इतका हसलो. माझा लाकडी पॅटर्न आकसण्याचा विचार करून मुळातच मोठा केलेला. उस्माननं तो साध्या टेपनं मोजला, आणि आपल्या फाईलीत पुन्हा वाढ घातली. वाढीवर वाढ! "अरे उस्मानमियाँ, उस्तादानं कशाकशासाठी मारलं होतं तुला, विसरलास?" त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "तौबा! बरं झालं उस्ताद जिवंत नाहीत." आणि माझ्याहून मोठ्यानं हसला. मी त्याला हसत होतो आणि तो माझ्याबरोबर हसत होता. अशा माणसाला हरवायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.

त्याच दिवशी त्यानं मला कॉम्प्युटरवर ते पातं मोठं करून दाखवलं. पात्याच्या बुडाशी, मधल्या गोळ्याला जिथं ते चिकटतं तिथं, अंगठ्याचं पेर बसेल एवढी एक खळगी आहे. माझ्या प्रत्येक पंख्याला असते. दुसऱ्या कोणाच्या नसते. "हे काय आहे नारायणा? एक बटण दाबलं की गुळगुळीत होईल. काढू?"

"हात लावशील तर बघ."

"म्हणजे मुद्दाम हाय? ह्याच्यानं गप चालतो काय पंखा?"

"ते तुला कळायचं न्हाय," मी म्हटलं.

आता तो नाही म्हणून सांगतो. मलाही माहीत नव्हतं. सुरुवातीच्या एका पंख्याला पातं कोरताना शिवणीच्या लाकडात गाठ लागली, गोल पटाशी घसरली आणि टवका उडाला. नाखवा घाईत होता, पॅटर्न तसाच गेला. आणि तो पंखा असा चालला, असा गप चालला, की माझं नाव झालं. पुढच्या पंख्याला मी खळगी मुद्दाम कोरली. चालतंय त्याला हात लावायचा नसतो. मग कोळ्यांनी ती ओळखायला सुरुवात केली. अंगठा घालून बघायचे, "व्हय, मिस्त्रीकाकांचाच." खळगीनं पंखा गप चालतो की माझ्या हातानं, की दोन्हीनं, की कशानंच नाही आणि नुसती माणसांची समजूत... हे मी कधी बघितलं नाही. एकाला खळगी आणि एकाला नाही असे दोन सारखे पंखे कोरायचे तर महिना जाणार, आणि हातानं कोरलेले दोन सारखे होतही नाहीत. असं मी स्वतःला सांगायचो. पण उस्मानकडे ते मशीन आलं आणि ही सबब गेली. तो एका दिवसात दोन छापू शकत होता, केसाचाही फरक नाही, फक्त एकाला खळगी आणि एकाला नाही. आणि त्याच्या डोक्यात हे न येईल तर तो उस्मान कसला. "एकाच होडीला आळीपाळीनं लावून बघू," तो दर महिन्याला म्हणायचा. मी विषय बदलायचो. बिनखळगीचा पंखाही तेवढाच गप चालला, तर माझ्याकडे राहिलं काय? वाढीची पट्टी आणि देवघरातलं कमळाचं बटण.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर लक्ष्मण नाखव्यानं होडीला नवीन इंजिन घेतलं. जुना पंखा त्याला चालणार नव्हता. लक्ष्मण माझ्या तीन पंख्यांवर जगलेला माणूस, त्याचा बापही माझाच गिऱ्हाईक. पण माझ्या उजव्या डोळ्यात पडदा आलाय, आणि मी हो म्हणायच्या आत तो हळूच म्हणाला, "काका, उस्मानचाचा छापतील, तुमी नुसतं बघा." नुसतं बघा! मी बघतो म्हटलं. उस्माननं एक छापला, दुसरा छापला, माझ्या खिडकीत आणून ठेवला, मी चुका काढल्या. मग उस्मान माझ्याकडे शेवटचा आला, त्याचा श्वास लागत होता, ओट्याची पायरी चढून बसला. बायकोनं पाणी दिलं. मग म्हणाला, "नारायणा, या खेपेला दोन छापतो."

मला कळलं. मी म्हटलं, "माझ्या नावाचा पंखा एकच असतो."

"अरे, तुझं नाव काय त्या खळगीत हाय?"

"मग कुठं हाय?"

तो उठला, गुडघ्यावर हात ठेवून. "तेच तर बघू म्हणतोय," म्हणाला आणि गेला. आठ दिवसांनी भोंग्यावर नाव आलं.

दफनानंतर दहाएक दिवसांनी लक्ष्मण माझ्याकडे आला. हातात पिशवी. उस्मानच्या टेबलावरून त्याच्या बायकोनं, फातिमाभाभीनं, काढून दिलेले दोन पॅटर्न त्यात होते. दोन्ही लांबी भरून, घासून तयार. मी बाहेर उजेडात घेऊन बसलो. पट्टी लावली, वाढ एकदाच धरलेली, बरोबर. उतार बरोबर. पात्याचा पीळ बरोबर. माझा अंगठा फिरत राहिला आणि कुठं अडेना. माणसाच्या हातून चूक न व्हायला एवढी वर्षं लागतात आणि झाली नाही की मरायचं, हा कुठला न्याय... एकाला खळगी होती, माझी, शिवणीतल्या गाठीची, जशीच्या तशी. दुसऱ्याचं पातं तिथं गुळगुळीत.

"काका, ह्यातला कंचा धाडू?" लक्ष्मण म्हणाला. "नारळी पुनव आली."

मला तेव्हा उस्मानचा इतका राग आला, म्हणून सांगू. प्रश्न माझ्या ओटीत टाकून हा माणूस गेला होता. जिवंत असता तर मी भांडलो असतो, विषय बदलला असता, चहा मागवला असता. मेलेल्या माणसापुढं विषय बदलता येत नाही. मी खळगीवाला लक्ष्मणाच्या हातात दिला. "हा जाऊ दे."

"आणि ह्यो?"

"तो राहू दे इथं."

गुळगुळीत पंखा मी खिडकीत ठेवला, उस्मानच्या चुकांच्या मागं, भिंतीकडे तोंड करून. लक्ष्मणाची होडी पुनवेला पाण्यात गेली. चार दिवसांनी तो पापलेट घेऊन आला आणि पडवीतूनच ओरडला, "काका, गप चालतो! इंजिन बंद हाय का काय असं वाटतं!" बायकोनं माझ्याकडे बघितलं. मला दिवाळी व्हायला पाहिजे होती. मी पापलेट साफ करायला घेतला. लक्ष्मण कोळीवाड्यात सांगत फिरला, उस्मानचाचाचा शेवटचा पंखा बघा कसा चालतो. खळगी माझी, पण नाव उस्मानचाचाचं! हे मी बायकोला दोनदा बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मग सांगा ना त्याला, दुसरा लावून बघ म्हणावं. निकाल लागेल एकदाचा."

"गप बस," मी म्हटलं.

पण आता काय झालंय, सकाळी चहा घेतला की माझा हात आपसूक खिडकीत जातो. पूर्वी तिथं रोज एखादी नवी वस्तू असायची, "काय चुकलं बघ" म्हणून. आता तेच तेच. त्यांतली प्रत्येक चूक मला पाठ आहे. मग हात मागं जातो, त्या गुळगुळीत पात्याच्या बुडाशी, आणि अंगठा खळगी शोधतो. ती नसते. रोज नसते. चूक नसलेल्या कामावरून अंगठा फिरवताना मला कधी असा त्रास झाला नाही.

परवा लक्ष्मण पुन्हा आला होता, असाच, बसायला. मी उठलो, खिडकीतला तो पंखा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि त्याच्यापुढं धरला. "हा माणगावला धाडून जादा म्हणून ओतून ठेव. पुढं होडी वर घेशील तेव्हा हा चढव."

त्यानं बुडाशी अंगठा घातला. "काका, ह्याला तर खळगी न्हाय."

"न्हाय."

"मग चालंल का?"

"बघू," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं, आणि आत बायको काहीतरी करत होती ती थांबली.

खिडकीत आता त्याच्या जागेवर धूळ नाही, तीन पात्यांचा स्वच्छ ठसा तेवढा आहे. बायको पुसायला गेली होती, मी पुसू दिला नाही. खळगीवालाच चांगला चालेल, हे मी आजच सांगून ठेवतो, आणि छापून आलंय म्हणून कोणी नंतर नाकारायचं नाही. पण समजा, नाही चालला. समजा, गुळगुळीतच गप चालला आणि उस्मान जिंकला... तर ते मला पडवीत येऊन हसत हसत सांगायला तो असायला पाहिजे होता. तेवढ्यासाठी तरी थांबायचं होतं त्यानं.